टंकनदोष

शिवाजीनगर कोर्टाच्या मागच्या फाटकाशी
माझं टेबल. छत्री, मशीन, नंतर कॉम्प्युटर.
पानाला वीस रुपये, घाई असेल तर पंचवीस.
रिसबूड वकिलांचं सगळं टायपिंग माझ्याकडे,
एकोणीस वर्षं.
त्यांचे स्वल्पविराम मला पाठ.
‘सबब, अर्जदाराची नम्र विनंती’ म्हणताना
ते चष्मा काढत, मी तिथे नवा परिच्छेद घेई.

म्हणून खुटवडबाई आल्या तेव्हा
मी आधी पाणी दिलं, मग काम विचारलं.
वडकी नाका, डंपर, एकवीस वर्षांचा मुलगा.
भरपाईचा दावा साहेबांकडे.
पिशवीत वकालतनाम्याची झेरॉक्स,
फीच्या दोन पावत्या, तिसरी मिळालीच नाही,
आणि पतपेढीचं एक कॅलेंडर,
तारखांभोवती पेनाची गोल कडी,
प्रत्येक कड्यात एक बुडालेला रोज.

‘साहेबांवर लिहायचंय. बार कौन्सिलला.’
मग थांबून, ‘तुम्ही त्यांचेच ना?’
मी म्हणालो, मी पानाचा.

टाइप केलं:
तारीख बारा, वकील गैरहजर.
तारीख अठ्ठावीस, वकील गैरहजर.
तारीख सात, पुकारा तीनदा,
दावा गैरहजेरीत काढून टाकला.
पुन्हा उभा करायचा अर्ज तीस दिवसांत;
तो दिला नाही.
त्यानंतर तीनशे चाळीस दिवस
‘पुढची तारीख पडलीय’ असं फोनवर

इथे बोटं थांबली.
त्यातले निम्मे फोन मी घेतले होते.
साहेब समोर बसून नुसती मान हलवत,
मी म्हणे, साहेब आत आहेत मावशी, तारीख पडलीय.
ते वाक्य मी असं संपवलं:
सांगण्यात आले.
व्याकरण किती लोकांना वाचवतं.

नोटीस निघाली. एका संध्याकाळी
साहेब स्वतः आले, बॅंड नाही, कोट हातावर.
‘घे, ढवळे. खुलासा.’
प्रकृती अस्वास्थ्यामुळे, असं सांगितलं. टाइप केलं.
‘खोड.’
टंकलेखकाच्या नजरचुकीने, असं सांगितलं.
मी मान वर न करता तेही टाइप केलं.
‘खोड.’
बराच वेळ कामगार पुतळ्याकडून येणारे हॉर्न.
मग म्हणाले, फाईल कपाटात होती रे.
रोज दिसायची. एक दिवस राहिली,
दुसऱ्या दिवशी तिला हात लावायची लाज वाटली.
महिन्याने लाजेची भीती झाली,
मग मी कपाट उघडायचंच सोडलं.
ती एकटी नव्हती. अकरा होत्या.

‘हे घेऊ?’
‘नको. हे खुलाशात बसत नाही.’
पान कोरंच निघालं.
त्याचेही वीस रुपये ठेवून गेले.

सनद दोन वर्षांसाठी निलंबित,
खर्चापोटी पंचवीस हजार तक्रारदारास.
बाररूममध्ये दोन दिवस हीच चर्चा,
तिसऱ्या दिवसापासून
पार्किंगची.

बाई आदेश घेऊन आल्या. चौदा पानं, इंग्रजी.
मी मराठीत सांगत गेलो,
कर्तव्यच्युती, व्यावसायिक गैरवर्तन, कलम.
त्या ऐकत होत्या, रेडिओवरच्या बाजारभावांसारखं,
आपल्या मालाचं नाव येईल म्हणून.
‘म्हणजे केस परत लागली?’
नाही मावशी. ते वेगळं.
नवा वकील, नवा अर्ज, उशीर माफ करण्याची विनंती.
‘मग शिक्षा साहेबांना झाली. माझं काय झालं?’
मी पान उलटलं.

‘यात संपतचं नाव कुठंय?’
सगळीकडे नुसता ‘तक्रारदाराचा मुलगा’.
शेवटी परिशिष्टात सापडलं,
आमच्याच तक्रारीच्या प्रतीत, शिक्क्याच्या कडेला:
सपंत.
अनुस्वार एक घर पुढे सरकलेला.
माझ्या हातून.
एवढ्या सह्या झाल्या, एवढे शिक्के,
कोणाला दिसला नाही.

बाईंना वाचता येतं, सावकाश.
त्यांनी त्या टिंबावर बोट ठेवलं.
‘हा कोण?’

मी खणातून व्हाइटनर काढला.
बाटली हलवली, वाळलेली होती.
आणि प्रमाणित प्रतीवर तसाही
तो चालत नाही.